जुन्या जीपचे सुटे भाग : अस्सल कीं स्वस्त?

ज्या घरांत जुनें वाहन आहे, त्या घरांत वर्षांतून एकदां तरी एक वाद उपस्थित होतोच. मिस्त्री गाडीखालून बाहेर येतो, चिंधीला हात पुसतो आणि विचारतो, "ओरिजिनल टाकूं कीं लोकल?" प्रश्न एवढासाच, पण वडीलधाऱ्यांचा शब्द, कर्त्या पुरुषाची तिजोरी आणि मुलाबाळांची सुरक्षितता हीं तिन्ही त्याच्या उत्तराशीं निगडित असतात. म्हणून या महिन्यांत हाच विषय घेण्याचें आम्हीं ठरविलें आहे.

त्यास निमित्त झालें तें रत्नागिरी जिल्ह्यांतील एका वाचकभगिनींच्या पत्राचें. त्यांच्या एकत्र कुटुंबांत मामंजींनीं घेतलेली चाळीस वर्षांपूर्वींची जीप आहे. आंब्याच्या दिवसांत ती पेट्या वाहते, पावसाळ्यांत जांभ्या दगडाच्या वाटेनें वाडींत जाते, आणि आजारी माणसास तालुक्याच्या दवाखान्यांत नेण्याचें कामहि तिच्याकडेच असतें. थोरल्या भावोजींचा आग्रह असा कीं, कंपनीच्या पेटींतून निघाल्याखेरीज एक खिळासुद्धां गाडीस लागूं नये. धाकटे भावोजी म्हणतात, "निम्म्या किंमतींत तोच माल मिळतो, पेटीला पैसे कां मोजावे?" या वादापायीं मागच्या चाकांच्या ब्रेकचें काम गेलें वर्षभर तसेंच राहिलें असून गाडी मात्र रोज चालते आहे. भगिनी विचारतात, "दोघांपैकीं कोणाचें खरें?"

आमचें आयुष्य फळा आणि खडू यांच्या सहवासांत गेलें. तथापि व्याकरण शिकविणारास एक संवय लागते, ती अशी कीं, शब्दाचा अर्थ आधीं निश्चित करावा आणि मग वादास बसावें. येथें 'अस्सल' आणि 'स्वस्त' हे दोन शब्द भांडत आहेत. परंतु ते एकमेकांचे विरुद्धार्थी नाहींत. अस्सलच्या उलट बनावट, आणि स्वस्तच्या उलट महाग. या दोन जोड्यांची सरमिसळ झाली म्हणजे घरांत निष्कारण तंटा माजतो.

गाडी बनविणारी कंपनी गाडींतील प्रत्येक भाग आपल्याच कारखान्यांत घडविते, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुस्थिति तशी नाहीं. बेअरिंग बेअरिंगवाला करतो, ब्रेकचें सामान ब्रेकवाला करतो, काच काचवाला करतो. नाशिकास बॉश कंपनीचा कारखाना आहे. तेथें डिझेल एंजिनांच्या पिचकाऱ्या, म्हणजे मिस्त्री ज्यांस नोझल म्हणतात त्या, तयार होतात. मूळच्या स्वीडिश असलेल्या एस. के. एफ. कंपनीचा बेअरिंगचा कारखाना पुण्याजवळ चिंचवडास आहे. अशा पुरवठादारांचा माल गाडीच्या कंपनीकडे जातो, तिच्या मापांस उतरतो आणि तिच्या पेटींत बसतो. पुरवठादार स्वतःच्या नांवाच्या पेटींतूनहि तसाच माल दुकानांत पाठवितो.

यावरून बाजारांतील मालाचे चार वर्ग पडतात. पहिला, गाडीच्या कंपनीच्या पेटींतील माल. दुसरा, तिच्याच पुरवठादाराच्या स्वतःच्या पेटींतील माल. हा बहुधा स्वस्त असतो आणि गुणांनीं पहिल्याच्या अगदीं जवळ असतो. तिसरा, एखाद्या अन्य कारखानदारानें नमुना समोर ठेवून केलेला, पण स्वतःचें नांव प्रामाणिकपणें घालून विकलेला माल. यांत उत्तमापासून टाकाऊपर्यंत सर्व प्रकार असतात. चौथा, दुसऱ्याचें नांव चोरून विकलेला बनावट माल. थोरले भावोजी फक्त पहिला वर्ग मानतात. धाकटे भावोजी दुसरा, तिसरा आणि चौथा हे सर्व एकाच 'लोकल' शब्दांत कोंबतात. दोघांच्याहि हिशेबांत वर्ग कमी पडले आहेत.

जीपच्या बाबतींत ही सरमिसळ अधिक होते, यास इतिहासांतील कारण आहे. हें वाहन दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकन सैन्यासाठीं निर्माण झालें. आपल्याकडे १९४५ सालीं 'महिंद्र अँड महंमद' ही कंपनी निघाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम महंमद पाकिस्तानांत जाऊन तेथील पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ सालीं कंपनीचें नांव 'महिंद्र अँड महिंद्र' असें झालें. स्वातंत्र्याच्या आसपासच्या वर्षांत विलीज कंपनीच्या जीपचे भाग आणून मुंबईंत ते जोडण्यास या कंपनीनें आरंभ केला. पुढें कित्येक दशकें तोच सांगाडा थोड्याफार फरकानें निघत राहिला. पेट्रोलच्या एंजिनाची जागा डिझेलनें घेतली, पुष्कळशा गाड्यांत पूजो या फ्रेंच कंपनीच्या आंखणीचें एंजिन बसलें, गिअरबॉक्स बदलली. परिणामीं बाहेरून जुळ्या बहिणींसारख्या दिसणाऱ्या दोन जीपांचे आंतले भाग वेगळे असूं शकतात. "जीपचा क्लच द्या" एवढेंच सांगून दुकानांत गेलेला मनुष्य पुष्कळदां जवळजवळ बसणारा भाग घेऊन येतो, आणि मिस्त्री तो घासूनपुसून बसवितो. मग दोष 'लोकल' मालास दिला जातो; वस्तुतः चूक मापाची असते. म्हणून जुना भाग काढून तो हातांत घेऊन दुकानांत जावें, त्यावरील क्रमांक वाचावा, आणि गाडीचें नोंदणीपुस्तक सोबत ठेवावें.

आतां मुख्य प्रश्न असा कीं, कोठें पैसा ओतावा आणि कोठें राखावा? आमच्या मतें तीन प्रश्नांनीं याचा निकाल लागतो.

पहिला प्रश्न : हा भाग वाटेंत निकामी झाला तर काय होईल? ब्रेक, सुकाणू आणि चाकांचीं बेअरिंगें यांविषयीं याचें उत्तर एकच आहे, मनुष्यहानि. अगदीं जुन्या जीपांत चारी चाकांच्या ब्रेकास तेल पुरविणारा मार्ग एकच असे. एका चाकाच्या सिलिंडरांतील बोटभर रबराचा वॉशर फाटला तरी सर्व तेल तेथून निघून जातें, आणि चारी चाकांचा ब्रेक एकदम नाहींसा होतो. तो वॉशर गाडींतील सर्वांत स्वस्त वस्तूंपैकीं एक आहे. कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरतांना मात्र सर्व कुटुंबाचा भार त्या वॉशरावर असतो. येथें पहिल्या वा दुसऱ्या वर्गाखेरीज दुसरा माल लावूं नये. टाय-रॉडच्या टोंकांचे गोळे, सुकाणूचे सांधे, मास्टर सिलिंडर, ब्रेकच्या नळ्या आणि लायनर यांसहि हाच नियम लागू आहे. या जागीं बसणारे बोल्टहि रस्त्यावरच्या दुकानांतले साधे नसावेत. चांगल्या मेट्रिक बोल्टाच्या डोक्यावर ८·८ किंवा १०·९ असे आंकडे कोरलेले असतात. जुन्या इंची मापाच्या बोल्टांवर आंकड्यांऐवजीं रेघा असतात, तीन रेघा म्हणजे मजबूत आणि सहा रेघा म्हणजे त्याहूनहि मजबूत. डोकें कोरें असेल तर तो बोल्ट फाटकाच्या बिजागरीस वापरावा.

दुसरा प्रश्न : या भागापर्यंत पोहोंचण्यास मजुरी किती पडते? क्लचचें रिलीज बेअरिंग घ्या. समजा, चांगलें बेअरिंग ९०० रुपयांना आणि साधें ४०० रुपयांना मिळतें. धाकटे भावोजी म्हणतील, पांचशें रुपये वांचले. परंतु तें बसविण्यासाठीं मिस्त्रीस गिअरबॉक्स, आणि तिच्यामागें जोडलेली फोर-व्हीलची ट्रान्स्फर केस, दोन्ही खालीं उतरवाव्या लागतात. त्या कामाची मजुरी ३००० रुपये धरली, तर चांगल्या बेअरिंगचा एकूण खर्च ३९०० आणि साध्याचा ३४००. साधें बेअरिंग निम्म्या दिवसांतच ओरडूं लागलें तर ३४०० पुन्हा मोजावे लागतील, म्हणजे ६८०० रुपये झाले. मजुरी मोठी आणि भाग लहान, अशा ठिकाणीं भागाच्या किंमतींत काटकसर करणें हा हिशेबच चुकीचा आहे. उलट फॅनचा पट्टा चारदोन बोल्ट सैल करून कोणासहि बदलतां येतो. तो मध्यम प्रतीचा घेऊन एक जादा पट्टा आसनाखालीं ठेवला, तर त्यांत शहाणपणच आहे.

तिसरा प्रश्न : हा भाग बिघडला तर आणखी कोणास बिघडवील? कांहीं भाग एकटे मरतात, कांहीं शेजाऱ्यास घेऊन मरतात. एंजिनच्या तेलाचा फिल्टर ही कागदाच्या घड्यांची नळी दिसते. पण त्यांतील कागद फाटला किंवा डिंक सुटला, तर कचरा थेट क्रँकच्या बेअरिंगांकडे जातो, आणि फिल्टरच्या कितीतरी पट खर्च उभा राहतो. थर्मोस्टॅट बंद स्थितींत अडकला तर एंजिन तापून हेडचें पॅकिंग जातें. मागच्या आंसाचें ऑईल सील तर याचा उत्तम नमुना आहे. तें झिजलें कीं आंसांतील वंगण ब्रेकच्या लायनरवर उतरतें, एका बाजूचा ब्रेक घसरूं लागतो आणि ब्रेक दाबतांच गाडी दुसऱ्या बाजूस ओढली जाते. भगिनींच्या जीपचें मागचें काम नेमकें याच जातीचें असण्याचा संभव आहे. तेव्हां लायनर बदलतांना सील न बदलणें म्हणजे गळक्या छपराखालीं नवा गालिचा अंथरणें होय.

या तीन प्रश्नांतून जें सुटतें, तेथें स्वस्त माल निःशंकपणें घ्यावा. ताडपत्रीचें छत, पायपोसासारखीं रबरी आस्तरणें, आसनांचीं कव्हरें, आरसे, कर्णा, दाराच्या कड्या, पत्र्याचे मडगार्ड, बंपर यांवर कंपनीचें चिन्ह असल्यानें प्रवासी अधिक सुखरूप होत नाहीं. गांवच्या लोहारानें जाड पत्र्याचा केलेला मडगार्ड कंपनीच्या मडगार्डाहून जास्त टिकल्याचीं उदाहरणें कोंकणांत पुष्कळ सांपडतील. कमानीचे पाटे मधल्या वर्गांत येतात. खालचे आंखूड पाटे चांगल्या स्थानिक कारागिराकडून करून घेतले तरी चालतात, कारण ते दबतात तेव्हां गाडी एका अंगास कलून आगाऊ सूचना देते. वरच्या मुख्य पाट्यानें मात्र आंस जागेवर धरलेला असतो. तो तुटला तर आंसच सरकतो. त्याबाबत कद्रूपणा नको.

येथें धाकट्या भावोजींची एक शंका आम्हांस ऐकूं येते : "आमच्या मित्रानें त्याच दुकानांतून तसाच भाग घेतला आणि तो पांच वर्षें चालला, त्याचें काय?" न्यायशास्त्रांत स्थालीपुलाक नांवाचा न्याय आहे, भांड्यांतील एक शीत चेपून पाहावें आणि सर्व भात शिजला कीं नाहीं तें ओळखावें. तो न्याय भातास लागतो, कारण सर्व शितांस एकच पाणी आणि एकच आंच मिळालेली असते. हलक्या कारखान्यांत नेमकें हेंच घडत नाहीं. आजच्या पोलादाची जात एक, उद्यांची दुसरी; एका घाण्यास कठिणीकरणाची आंच पुरी मिळते, दुसऱ्यास अपुरी. दर्शनीं भाग सारखाच चकाकतो. नामांकित कारखान्याच्या पेटीस आपण जी जास्त किंमत देतों, ती मुख्यतः या सारखेपणाची, तपासणीची आणि सदोष नग बाजूस काढण्याची असते. मित्राचा भाग चांगला निघाला ही गोष्ट खरी. तेवढ्यावरून आपलाहि निघेल असें ठरत नाहीं.

थोरल्या भावोजींसहि आम्हांस दोन गोष्टी सुचवावयाच्या आहेत. एक अशी कीं, पेटी पाहून निश्चिंत होऊं नये, कारण खोटेपणा नेहमीं नामांकित पेटीचाच आश्रय घेतो. निनांवी मालाची नक्कल कोण करील? छपाई पुसट असणें, स्पेलिंग चुकलेलें असणें, पेटीवरचा क्रमांक आणि भागावर कोरलेला क्रमांक न जुळणें, ओतकामाच्या कडा खडबडीत असणें, आणि भाव संशयास्पद रीतीनें कमी असणें, हीं बनावटीचीं लक्षणें होत. कांहीं कंपन्यांनीं पेटीवरची खूण मोबाईलनें पडताळून पाहण्याची सोय केली आहे. घरांतील तरुण मुलांस तें काम सांगावें. पक्की पावती घेण्याचा आळस करूं नये. दुसऱ्याचें व्यापारचिन्ह खोटें लावणें आणि तसा माल विकणें हा १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यान्वयें कैदेस पात्र गुन्हा आहे, आणि फसलेल्या गिऱ्हाइकास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें दाद मागतां येते; परंतु पावती नसेल तर दाद कशाच्या आधारें मागणार?

दुसरी गोष्ट अशी कीं, चाळीस वर्षांच्या गाडीचे कित्येक भाग कंपनी आतां करीतच नाहीं. अशा वेळीं हट्ट धरून बसल्यानें गाडी बरी होत नाहीं. पुण्याच्या नाना पेठेंतील सुट्या भागांच्या दुकानांत कोठें जुना शिल्लक माल सांपडतो. हरियाणांतील मंडी डबवाली हें गांव तर जुन्या जीपांच्या फेरबांधणीसाठींच प्रसिद्ध आहे. जुन्या मालाविषयीं एक सोपा नियम ध्यानांत ठेवावा. लोखंड तेलाच्या कागदांत वीस वर्षें पडून राहिलें तरी लोखंडच राहतें, पण रबर फळीवर पडल्यापडल्या म्हातारें होतें. म्हणून शिल्लक मालांतील, किंवा मोडीस निघालेल्या जीपमधील न झिजलेला आंस अथवा दांतचक्र अवश्य घ्यावें. कित्येकदां तें हलक्या प्रतीच्या नव्या मालाहून सरस ठरतें. परंतु ब्रेकचे वॉशर, नळ्या, सीलें आणि पट्टे हे कितीहि अस्सल पेटींत असले तरी जुने घेऊं नयेत.

भाग उत्तम घेऊन तो चुकीच्या रीतीनें बसविला तर पैसे वायां जातात, यासाठीं ब्रेकच्या तेलाविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. हें तेल हवेंतील दमटपणा शोषून घेतें. डॉट-३ जातीचें नवें तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाहीं. ओलावा मुरल्यावर हीच किमान मर्यादा १४० वर येते. डॉट-४ चे हे आंकडे २३० आणि १५५ आहेत. लांब उतारावर ब्रेक तापले आणि तेलास उकळी आली, कीं वाफेचे बुडबुडे दबतात आणि पेडल नुसतेंच खालीं जातें. कोंकणच्या हवेंत दर दोन वर्षांनीं हें तेल बदलावें, आणि उघडून ठेवलेल्या डब्यांतील शिळें तेल ओतूं नये. एंजिनचें तेल, डिझेल किंवा पेट्रोल या वॉशरांस लागतां कामा नये. त्यानें रबर फुगतें. पुष्कळ मिस्त्री संवयीनें सर्व सामान डिझेलनें धुतात. त्यांस नम्रपणें थांबवावें. तसेंच ब्रेकच्या ड्रममधील धूळ फुंकून उडवूं नये. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुप्फुसांस घातक आहे. ओल्या फडक्यानें ती पुसून घ्यावी.

मिस्त्रीवर संशय घेण्याची चाल आपल्या घरांतून फार आहे. दुकानदाराकडून त्यास कांहीं सुटतें हें सर्वांस ठाऊक असतें. पण आपण त्याच्या मजुरींत पांचपन्नास रुपयांसाठीं घासाघीस करतों, मग त्यानें ती तूट कोठून भरून काढावी? त्यास पुरी मजुरी द्यावी, भाग आपण स्वतः आणावा, आणि काढलेला जुना भाग परत मागून घ्यावा. जुना भाग पाहिला म्हणजे तो खरोखर झिजला होता कीं नाहीं हें समजतें, आणि मिस्त्रीच्याहि प्रामाणिकपणास आधार मिळतो.

आतां भगिनींच्या प्रश्नास उत्तर. थोरल्या भावोजींची काळजी योग्य आहे. परंतु सर्वच भाग कंपनीचे घ्यावयाचे म्हटल्यामुळें रक्कम मोठी झाली, आणि रक्कम मोठी झाल्यामुळें ब्रेकचें काम वर्षभर लांबलें. जें टाळण्यासाठीं त्यांनीं आग्रह धरला, तेंच संकट त्या आग्रहामुळें दारांत उभें आहे. धाकट्या भावोजींची काटकसर योग्य आहे. परंतु ती ताडपत्रीवर करावयाची सोडून सर्वत्र करावयाची असें त्यांनीं ठरविलें आहे. दोघांनीं एका वहींत तीन रकाने आंखावेत : जिवाचे भाग, एंजिनाचे भाग आणि सोयीचे भाग. पहिला रकाना थोरल्यांच्या मतानें भरावा, तिसरा धाकट्यांच्या, आणि मधल्या रकान्यांतील प्रत्येक भागास वरील दुसरा व तिसरा प्रश्न विचारावा. हातीं असलेला पैसा पहिल्या रकान्यापासून खर्च करीत जावा. संपेल तेथें थांबावें. छत आणखी एक पावसाळा गळलें तर माणसें भिजतील, एवढेंच.

आणि या वहीचा हिशेब होईल तेव्हां घरांतील स्त्रियांस तेथें बसवावें. मागच्या बांकावर मुलांस मांडीवर घेऊन त्याच बसतात, आणि अडीअडचणीस रात्रीं दवाखान्याची वाट त्याच धरतात. मग मतप्रदर्शन मात्र पुढच्या आसनावरच्यांनींच करावें, हा कोठला न्याय? पत्र लिहिणाऱ्या भगिनींनीं हा प्रश्न घरांत न विचारतां आम्हांस विचारला, याचें आम्हांस थोडें वाईट वाटलें. हा अंक त्यांनीं दोन्ही भावोजींच्या हातीं द्यावा.

तोंपर्यंत एक गोष्ट मात्र वादाच्या निकालासाठीं थांबूं शकत नाहीं. मागच्या चाकांचे ड्रम उघडून आंतील लायनर, वॉशर आणि सील बदलले जाईपर्यंत ती जीप अंगणांतच उभी ठेवावी. आंब्याच्या पेट्यांस भाड्याचा टेंपो मिळतो.